विष कंपनीचे, हात आमच्या माणसांचे

कचऱ्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती स्वच्छतेची. रस्ता झाडला की नाही, घंटागाडी वेळेवर आली की नाही, स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा नंबर कितवा लागला, एवढ्यावरच ती थांबते. कचरा उचलणारा हात कोणाचा आहे आणि त्या हाताला रोज काय लागते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. नाशिकसारख्या शहरात हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी आंबेडकरी चळवळीवर येते. कारण तो हात बहुतांशी आपल्याच वस्त्यांतून आलेला आहे.

आज आम्हाला ज्या कचऱ्याविषयी लिहायचे आहे त्याला कायद्याच्या भाषेत घरगुती घातक कचरा म्हणतात. नाव जड वाटले तरी वस्तू प्रत्येक घरातल्या आहेत. विझलेली ट्यूबलाइट, सीएफएल दिवा, रिमोट आणि घड्याळाचे सेल, मोबाइलची फुगलेली बॅटरी, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेली औषधे, इन्सुलिनच्या सुया, रंगाचे डबे, झुरळ-ढेकूण मारण्याच्या औषधाच्या बाटल्या. कारखान्यातून याच वस्तूंचा ढीग बाहेर पडला तर तो विषारी कचरा ठरतो. त्याची नोंद ठेवावी लागते, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, वाहतुकीचे कागद लागतात. पण तीच वस्तू घरातून एक-एक करून बाहेर पडली की ती नुसता कचरा होते. सातपूर-अंबडच्या कारखान्याच्या फाटकावर जो कायदा उभा असतो, तो आपल्या घराच्या उंबऱ्यावर दिसत नाही. उंबऱ्याबाहेर उभा असतो तो घंटागाडीवरचा कामगार, आणि त्याच्यानंतर गोणी घेऊन फिरणारी कचरावेचक बाई.

या वस्तू काय करतात ते नीट समजून घेतले पाहिजे. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. एका दिव्यात तो काही मिलिग्रॅमच असतो, पण दिवा फुटला की त्याची वाफ होते आणि श्वासावाटे शरीरात जाते. मज्जासंस्था आणि मूत्रपिंडे यांवर तिचा परिणाम होतो. एखादा दिवा फुटल्याने घरातल्या माणसाला फारसा धोका नसेल. पण जो कामगार दिवसभर शेकडो घरांचा कचरा दाबून भरतो, त्याच्या वाट्याला शेकडो घरांचे फुटलेले दिवे येतात. सुईचे तर विचारूच नका. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्यांतले अनेकजण घरीच इन्सुलिन टोचून घेतात. रुग्णालयातली सुई विशिष्ट डब्यात जाते, तिच्यासाठी जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. घरातली सुई मात्र भाजीच्या देठांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जाते आणि ती पिशवी कोणीतरी हाताने सोडतो. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही आजार अशा टोचण्यातून होऊ शकतात.

आमच्याकडे सल्ल्यासाठी सफाईचे कंत्राटी कामगार येतात. पगार थकला, फंड भरला नाही, कामावरून काढले, अशा तक्रारी ते घेऊन येतात. सुई टोचल्याची तक्रार घेऊन कोणी येत नाही. विचारले तर सांगतात की टोचते, नेहमीच टोचते. त्याची नोंद कोणत्याही हजेरीपुस्तकात नसते. ज्या अपघाताची नोंद नाही तो न्यायालयासाठी घडलेलाच नसतो. पुढे दहा वर्षांनी कामगाराचे यकृत खराब झाले की त्याच्या व्यसनाकडे बोट दाखवले जाते.

कायदा काय सांगत होता?

याबाबत कायदा अगदीच मुका आहे असे कोणी समजू नये. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेमुळे २००० साली देशात पहिल्यांदा नागरी घनकचऱ्याचे नियम झाले. त्यानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांत घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या झाली आणि ओला, सुका व घातक असे तीन प्रकार घरातच वेगळे करण्याचे बंधन आले. दर २० चौरस किलोमीटरमागे किंवा त्याच्या भागामागे एक याप्रमाणे घातक कचरा जमा करण्याचे केंद्र उभारावे, त्याची वेळ जाहीर करावी, असा आदेश स्थानिक संस्थांना दिला गेला. कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, कामगारांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क मिळतील हे पाहावे, हेही त्यात स्पष्ट लिहिले होते.

नाशिक महापालिकेचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. साधा भागाकार केला तरी पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर या सहा विभागांत मिळून अशी किमान तेरा केंद्रे हवीत. वाचकांनी स्वतःलाच विचारावे की आपल्या भागातले असे केंद्र कोठे आहे आणि ते किती वाजता उघडते. शेजाऱ्याला विचारावे, नगरसेवकाला विचारावे. मिळणारे उत्तर हीच या नियमाच्या अंमलबजावणीची परीक्षा आहे.

जानेवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारने २०१६ च्या नियमांच्या जागी नवे नियम जाहीर केले. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख. त्यांत कचऱ्याचे चार प्रकार आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा. रंगाचे डबे, दिवे, पाऱ्याचे थर्मामीटर, औषधे या चौथ्या प्रकारात येतात. तो कचरा अधिकृत संस्थेने उचलायचा किंवा नेमून दिलेल्या संकलन केंद्रावर द्यायचा. म्हणजे केंद्राची गरज संपलेली नाही, ती पुन्हा अधोरेखित झाली आहे. पण नियमाच्या पुस्तकात तीनाचे चार प्रकार झाल्याने कामगाराच्या हातातली सुई आपोआप कमी होत नाही. घराघरांतून चार पिशव्या आल्या आणि गाडीत त्या एकत्रच ओतल्या गेल्या, तर पाथर्डीजवळच्या खत प्रकल्पावर त्या पुन्हा वेगळ्या करायला माणसाचाच हात लागणार.

नाशिकचेच दाखले

सन २००५ च्या सुमारास भारनियमनाने महाराष्ट्र हैराण होता. त्या काळात महावितरणने वीजबचतीसाठी सीएफएल दिवे ग्राहकांना देण्याची योजना प्रायोगिक तत्त्वावर राबवली ती नाशिकमध्येच. दिव्याची किंमत वीजबिलातून हप्त्याने घेतली जाई. योजना उपयोगाची होती, विजेची बचत व्हायलाच हवी होती. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारी कंपनी आणि दिव्याचे उत्पादक यांनी मनात आणले तर वस्तू घरापर्यंत पोहोचवता येते, तिचा हिशेब बिलागणिक ठेवता येतो. मग विझलेला दिवा परत नेता येत नव्हता काय? तो कोठे द्यायचा हे किती ग्राहकांना माहीत होते? दिवा आला बिलाच्या वाटेने आणि गेला घंटागाडीच्या वाटेने. पुढे २००९ मध्ये केंद्राच्या बचत लॅम्प योजनेतून देशभर सीएफएलचा प्रसार झाला. २०१५ पासून एलईडी आले आणि सीएफएल मागे पडले, परंतु जुने दिवे अजून घराघरांत आहेत आणि ते केव्हातरी बाहेर पडणारच आहेत.

दुसरा दाखला द्राक्षबागांचा. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत हा पट्टा द्राक्षासाठी जगभर प्रसिद्ध आहे. द्राक्षाला हंगामात वारंवार औषधांच्या फवारण्या होतात. पेठ-सुरगाण्याकडून आलेले आदिवासी मजूर या बागांत राबतात. फवारणी संपली की रिकामी बाटली बांधावर पडते, भंगारवाल्याकडे जाते, नाहीतर धुऊन पाण्याला किंवा रॉकेलला वापरली जाते. आता कायदा पाहा. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांतील ४४ व्या नियमाने वापरलेले डबे आणि बाटल्या यांची सुरक्षित विल्हेवाट लावण्याचे कर्तव्य उत्पादकावरही टाकले आहे. पुनर्वापर होईल अशा रीतीने त्या बाहेर टाकू नयेत, फोडून वस्तीपासून दूर पुराव्यात, असे तो नियम म्हणतो. उत्पादकाची जबाबदारी ही परदेशातून परवा आलेली कल्पना आहे असे सांगणाऱ्यांनी हा नियम वाचावा. अर्ध्या शतकापूर्वी ती आपल्या कायद्यात लिहिली गेली होती. ती कंपनीच्या दारी जाऊन कोणी मागितली नाही, एवढेच.

तिसरा दाखला भंगार बाजाराचा. अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर मोठ्या पोलीस बंदोबस्तात हटवला. तो अनधिकृत होता, आगीचा आणि प्रदूषणाचा धोका होता, रहिवाशांच्या तक्रारी खऱ्या होत्या. परंतु जुन्या बॅटऱ्या, डबे, वायरी, टीव्हीचे सांगाडे हे सारे शहर ज्या ठिकाणी पाठवत होते ते ठिकाण हटवल्याने त्या वस्तू तयार व्हायच्या थांबल्या नाहीत. अशा वेळी पर्यायी, सुरक्षित, परवानाधारक जागा दिली नाही तर तेच काम गल्लीबोळात शिरते. बॅटरी फोडून शिसे काढणे, वायर जाळून तांबे काढणे हे काम मग पत्र्याच्या खोलीत, लहान मुलांच्या शेजारी होते.

पैसा कोणाचा, मेहनत कोणाची?

विस्तारित उत्पादक जबाबदारी हा शब्द आता सरकारी कागदांत सर्रास येतो. त्याचा अर्थ सोपा आहे. जो वस्तू बनवून नफा कमावतो, त्याची जबाबदारी वस्तू विकली गेल्यावर संपत नाही. ती निकामी झाल्यावर परत गोळा करण्याचा आणि तिची सुरक्षित विल्हेवाट लावण्याचा खर्च त्याने सोसला पाहिजे. स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनांच्या बाबतीत ती कायद्यात आणली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९४ पासून उरलेला रंग परत घेण्याची जबाबदारी रंग विकणाऱ्या कंपन्यांवर आहे. आपल्याकडे २०११ च्या नियमांनी ई-कचऱ्यासाठी हे तत्त्व स्वीकारले, त्यांचा अंमल १ मे २०१२ पासून झाला. पुढे प्लास्टिक वेष्टने, बॅटऱ्या, टायर, वापरलेले तेल यांच्यासाठीही नियम झाले. बॅटऱ्यांचे २०२२ चे नियम तर घड्याळाच्या सेलपासून गाडीच्या बॅटरीपर्यंत सर्वांना लागू आहेत. रंगाचा डबा, मुदत संपलेली गोळी आणि इन्सुलिनची सुई यांच्या उत्पादकांवर मात्र एवढी ठोस, आकड्यांत मोजता येणारी बांधिलकी आलेली नाही.

जेथे ती आली तेथेही पैसा कोठे जातो ते पाहिले पाहिजे. ई-कचरा आणि बॅटऱ्यांच्या बाबतीत नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याला प्रमाणपत्र मिळते आणि उत्पादक कंपनी ते विकत घेऊन आपले उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे दाखवते. हा व्यवहार संगणकावर होतो. पण ती बॅटरी कारखान्यापर्यंत पोहोचली कशी? कोणा बाईने ती उकिरड्यातून उचलली, भंगारवाल्याला किलोच्या भावाने विकली, त्याने मोठ्या व्यापाऱ्याला विकली. उत्पादकाने जबाबदारीपोटी मोजलेल्या पैशातला एक रुपयाही त्या बाईच्या पदरात पडल्याची नोंद कोठे होत नाही. साखळीतला पहिला हात कागदावर अदृश्य आहे. जमिनीच्या सातबाऱ्यावर कुळाचे नाव नसावे, तसेच हे आहे. कसणारा एक आणि नाव दुसऱ्याचे.

या अदृश्य हातांनी एकदा कंपन्यांना जाब विचारला होता, हे चळवळीने विसरू नये. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या बहुसंख्य सभासद दलित समाजातील कष्टकरी स्त्रिया आहेत. त्यांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली, आणि २००८ मध्ये स्वच्छ या सहकारी संस्थेमार्फत घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी वेगळे करावे लागतात, ही त्यांची जुनी तक्रार होती. २०१३ मध्ये या स्त्रियांनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या बड्या कंपन्यांच्या पत्त्यावर परत पाठवले. तुमचा माल, तुम्ही सांभाळा, असा त्याचा सरळ अर्थ होता. पॅड गुंडाळण्यासाठी उत्पादकांनी पाकिटासोबत वेष्टन द्यावे, असे २०१६ च्या नियमांत आले, त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता. एका संघटित समूहाने केलेली ही कृती दहा परिसंवादांपेक्षा मोठी आहे.

हा जातीचा प्रश्न आहे

कोणी म्हणेल, यात जात कोठून आली? कचरा सर्वांचाच असतो. होय, कचरा सर्वांचा असतो, पण तो उचलणारे सर्वांमधले नसतात. गटारे आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या ज्या कामगारांची माहिती केंद्र सरकारने गोळा केली, त्यांत सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे असल्याचे २०२४ मध्ये समोर आले. जातिव्यवस्था नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली लावून ठेवते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते. घरात कचरा वेगळा न करण्यामागे आळस असतोच. त्याहून अधिक असतो तो एक न बोललेला विश्वास, की हे वेगळे करायला खाली कोणीतरी आहे. फुटलेली काच आणि सुई कागदात न गुंडाळता टाकणारा माणूस दुष्ट असतो असे नाही. त्या पिशवीत ज्याचा हात जाणार तो त्याच्या डोळ्यांसमोर नसतो, इतकेच. अस्पृश्यतेचा आजचा एक चेहरा हाच आहे.

बाबासाहेबांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला. सफाई कामगाराला दयेची नव्हे तर हक्काची भाषा त्यांनी दिली. म्हणून सफाई कामगाराचे पाय धुण्याचे सोहळे आणि शाल-श्रीफळ देऊन केलेले सत्कार आम्हाला नकोत. आम्हाला हातमोजे हवेत, लस हवी, अपघाताची नोंद हवी आणि कंपनीचा पैसा हवा.

दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की महापालिकेकडे निधी नाही. १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी पैसा नाही ही सबब सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत चालणार नाही, असे ठणकावून सांगितले. शिवाय २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये मोठा निधी खर्च होतो आहे, त्यात तेरा केंद्रांचा खर्च दिसणारही नाही. दुसरा आक्षेप असा की कंपन्यांवर भार टाकला तर वस्तू महाग होतील. आमचे उत्तर असे की ती किंमत आजही मोजली जातेच. ती दुकानातल्या पावतीवर नसते, कामगाराच्या फुप्फुसात आणि यकृतात असते. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोर खटल्यात देशाच्या कायद्याचा भाग मानले. ते फक्त चामड्याच्या कारखान्यांपुरते नव्हते.

सरकारचे मन कोणत्या बाजूला झुकते याकडेही लक्ष हवे. पर्यावरण संरक्षण कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढून टाकली आणि त्या जागी दंड आणला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च आहे. अशा वेळी कायदा आपोआप काम करील या भ्रमात राहू नये. आणि हे काम होते हे आपण पाहिलेही आहे. कोरोनाच्या साथीत २०२० मध्ये घरात विलगीकरणात असलेल्या रुग्णांचा कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा गोळा करण्याच्या सूचना निघाल्या. वरच्या वर्गालाही धोका वाटला तेव्हा घरगुती घातक कचऱ्यासाठी वेगळी पिशवी निघाली. धोका फक्त कामगारापुरता उरला की ती पिशवी विसरली जाते.

आपण काय करायचे?

चळवळीच्या कार्यकर्त्यांनी हा विषय पर्यावरणवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नये. पहिले काम, प्रत्येक विभागातून माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. घातक कचऱ्याची संकलन केंद्रे किती, कोठे, त्यांत वर्षभरात काय जमा झाले, ते कोणाला दिले, कामगारांना हातमोजे आणि बूट कोणत्या तारखेला दिले, याची लेखी उत्तरे घ्यावीत. दुसरे, घंटागाडीच्या आणि खत प्रकल्पाच्या ठेक्याच्या करारात सुई टोचल्यास तत्काळ उपचार, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस आणि अपघाताची सक्तीची नोंद ही कलमे घालायला भाग पाडावे. ठेकेदार बदलला तरी कामगार आणि ही कलमे दोन्ही टिकली पाहिजेत. यंत्रे आणायची असतील तर आणा, परंतु यंत्र आले म्हणून आमचा माणूस रस्त्यावर, हे चालणार नाही.

तिसरे, उत्पादक कंपन्यांकडून येणाऱ्या पैशाचा ठरावीक वाटा कचरावेचकांच्या नोंदणीकृत संस्थांना थेट मिळावा, ही मागणी राज्य सरकारकडे रेटावी. औषधाच्या दुकानात जुनी औषधे आणि सुयांचा डबा, रंगाच्या दुकानात जुने डबे परत घेण्याची सोय, खताच्या दुकानात औषधांच्या रिकाम्या बाटल्यांची जमा, हे कंपनीच्या खर्चाने झाले पाहिजे. केरळ सरकारने २०२५ मध्ये कोझिकोडपासून जुनी औषधे गोळा करण्याची मोहीम सुरू केली आहे. केरळला जे जमते ते महाराष्ट्राला का जमू नये? चौथे काम आपल्या घरचे आहे. प्रत्येक बुद्धविहारात सेल, दिवे आणि सुया यांच्यासाठी झाकणाचे वेगवेगळे डबे ठेवावेत, आणि महिन्यातून एकदा ते भरलेले डबे मोर्चाने विभागीय कार्यालयात नेऊन द्यावेत. पोहोच पावती घ्यावी. ती पावती पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उपयोगी पडते.

ज्या शहरात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात आपल्या आजोबा-पणजोबांनी माणूस म्हणून हक्क मागितला, त्याच शहरात त्यांच्या नातवंडांच्या हाती आज दुसऱ्याच्या घरातली सुई येते. कारखान्यात तयार झालेले विष कारखान्याच्या मालकाने परत नेले पाहिजे. ते मध्येच आमच्या माणसाच्या हातात सोडून देण्याचा अधिकार राज्यघटनेने कोणालाही दिलेला नाही. माहिती अधिकाराचा पहिला अर्ज याच आठवड्यात महापालिकेत पडू द्या.